आग लागली की शहाणी होणारी इमारत

हेडफोन लावून ऑफिसच्या बसमध्ये बसला असाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. तुम्ही जिथे निघालाय त्या इमारतीबद्दलच बोलायचंय.

मी काही वर्षं पुण्यातल्या एका आयटी इमारतीच्या कंट्रोल रूममध्ये नोकरी केली. तळघर, खिडकी नाही, समोर चार स्क्रीन. एक एसीचा, एक दिव्यांचा, एक फायर अलार्मचा, एक दारावरच्या कार्डांचा. चार कंपन्यांची चार सॉफ्टवेअर. एका चाळीत राहून एकमेकांचं तोंड न बघणारे शेजारी असतात ना, अगदी तसं.

दिवाळीच्या सुट्टीत सहावा मजला रिकामा होता. कार्डांच्या स्क्रीनवर माणसं शून्य. सेन्सरने दिवे केव्हाच बंद केलेले. आणि एसी? तो चार दिवस अंधारात खुर्च्या गार करत बसला होता, कारण त्याच्या वेळापत्रकात सुट्टी कोणी भरलीच नव्हती. मजल्यावर कोणी नाही हे दोन यंत्रणांना माहीत होतं, पण तिसरीला सांगणार कोण? मीच. आणि मी दुसऱ्या शिफ्टवाल्यावर विसंबलो होतो. बिल आल्यावर साहेबांनी मला काय ऐकवलं, ते जाऊ द्या.

पुढच्या महिन्यात फायर ड्रिल झालं. अलार्म दाबला आणि काही सेकंदांत मजल्यांवर गार हवा ढकलणारे मोठे पंखे थांबले, लिफ्ट तळमजल्यावर येऊन दारं उघडून उभ्या राहिल्या, कार्डाची कुलपं सुटली, जिन्यात धूर शिरू नये म्हणून हवा भरणारे पंखे सुरू झाले. अरेच्चा, म्हणजे यांना एकमेकांचं ऐकू येत होतं की! आगीसाठी फायर पॅनेलपासून सगळीकडे वायरी ओढलेल्या होत्या, कारण त्याशिवाय फायरची एनओसीच मिळाली नसती. विजेसाठीही जोडा, असं मात्र टेंडरमध्ये कोणी लिहिलं नव्हतं.

‘प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी’ ही सबब तशी जुनीच. इमारतीतल्या यंत्रणांसाठी बॅकनेट नावाची समाईक भाषा 1995 मध्येच प्रमाण म्हणून आली. आमच्या एसीला ती येतही होती. कोणी बोलायलाच गेलं नव्हतं.

आणि बोलल्यावर फायदा किती होतो बघा. पंख्याचा वेग 20 टक्के कमी केला की त्याची वीज जवळपास निम्म्यावर येते. वेगाच्या घनाच्या प्रमाणात वीज बदलते, अकरावी-बारावीवाल्यांनी गुणाकार करून बघा. म्हणजे अर्धा मजला रिकामा आहे हे पंख्याला नुसतं कळलं, तरी केवढी बचत!

जुन्या इमारतीचं काय, असं विचाराल. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग 1931 ची. 2009 मध्ये तिचा वीज-इंधनाचा वापर 38 टक्क्यांनी कमी करायची योजना जाहीर झाली. मला त्यातला क्रम फार आवडतो. आधी 6,514 खिडक्या. काचा काढून इमारतीतच कारखाना मांडला आणि त्याच काचा नव्याने बांधून परत बसवल्या. रेडिएटरच्या मागे उष्णता परतवणारे पत्रे लावले, दिवे सुधारले. मग हिशेब केला तर थंडाव्याची गरजच इतकी घटलेली, की मोठे नवे चिलर घ्यायचं कारण उरलं नाही. जुनेच दुरुस्त केले. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं, आधी चिलर येतो.

आमच्याकडे शेवटी कार्डांची यंत्रणा एसीला जोडली. काम दोन दिवसांचं, पण बिघडलं तर जबाबदारी कुणाची यावर दोन आठवडे वाद. आणि बिघडलंच! एका रविवारी एक मुलगी मित्राच्या मागोमाग कार्ड न लावताच आत आली. तो तासाभराने निघून गेला. यंत्रणेच्या हिशेबी मजला रिकामा, एसी बंद. घामाघूम होऊन ती तळघरात आली आणि मला म्हणाली, “दादा, मी माणूस नाही का?” तिचं चुकलं होतं, पण आमचंही चुकलंच होतं. म्हणून प्रत्येक मजल्यावर एक साधं बटण बसवलं. दाबलं की दोन तास एसी, मग आपोआप बंद.

तुमच्या ऑफिसात रात्री आठनंतर काय चालू असतं, ते व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या भागात भेटू.