महाडचा धडा आणि महाविद्यालयाचा वर्ग
(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मुलामुलींच्या पदवीच्या अभ्यासात आता एक नवा भाग आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रकार्य व समाज-सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. दोन श्रेयांकांचे असे काम म्हणजे सुमारे ६० तास. हे तास कशात खर्च व्हावेत, हा प्रश्न वरवर पाहता प्राध्यापकांचा आहे. वस्तुतः तो आपला आहे.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या शिबिरांत विद्यार्थी गाव झाडतात, झाडे लावतात. हे काम वाईट आहे असे कोण म्हणेल? परंतु भातसा आणि तानसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील पाणी मुंबईला जाते आणि तेथीलच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. विद्यार्थ्याने टँकरभोवतीची जागा झाडली आणि टँकर का लागतो हे विचारलेच नाही, तर तो काय शिकला? तथागत दुःख सांगून थांबले नाहीत. त्यांनी दुःखाचे कारण शोधावयास शिकविले. सेवा आणि हक्क यांतील अंतर नेमके येथेच आहे.

अशा अभ्यासक्रमाचा नमुना आपणांस परक्या देशातून आणावयास नको. महाडचा लढा हाच तो नमुना होय. त्याच्या पायऱ्या नीट पाहा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते. हक्क कागदावर होता, ओंजळीत नव्हता. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले. त्यानंतर हल्ले झाले, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ निघाले होते. लोकांना बाजू समजावून सांगण्याचे साधन हाती होते. डिसेंबरात न्यायालयाची मनाई आली, तेव्हा बाबासाहेबांनी पाण्याचा सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढविला. १९३७ साली उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. कायद्याचा अभ्यास, लोकांची परिषद, प्रत्यक्ष कृती, वृत्तपत्र, न्यायालय आणि दहा वर्षांची चिकाटी! यातील कोणती गोष्ट वर्गात शिकविण्यासारखी नाही?

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. कृतीतून शिक्षण, हा विचार मांडणारे जॉन ड्युई तेथे त्यांचे गुरू होते. त्याच अमेरिकेत सॅन होजे राज्य विद्यापीठातील प्राध्यापक स्कॉट मायर्स-लिप्टन यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी शहरातील किमान वेतन वाढविण्याची मोहीम हाती घेतली. त्यांनी इतर संघटना जोडल्या, सह्या गोळविल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये नागरिकांनी मतदान करून तासाचे किमान वेतन ८ डॉलरवरून १० डॉलर केले.

आता आपल्या तालुक्याचा विचार करू. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० सालच्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. १९५६ नंतर चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. आजही जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या महाराष्ट्रातील रहिवासाचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजोबा मजुरीसाठी गावोगाव फिरला, त्याने तो कोठून आणावा? दाखल्यावाचून शिष्यवृत्ती अडते, शिष्यवृत्तीवाचून वर्ष अडते. विद्यार्थ्यांनी हेच काम अभ्यास म्हणून घ्यावे. बारा तास कायदा आणि महाडचा इतिहास वाचावा. अठरा तास वस्तीत घरोघर जाऊन कोणाचे कोणते कागद अडले हे लिहून काढावे. अठरा तास जुन्या शाळेच्या व महसुलाच्या नोंदी शोधणे, अर्ज करणे, पोच घेणे यांत जावेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेला मुदत असते आणि मुदत टळली तर अपील करता येते, हे त्यांनी करून पाहावे. उरलेल्या बारा तासांत वस्तीसमोर हिशेब मांडावा.

मात्र चार अटी पाळल्या पाहिजेत. प्रश्न वस्तीने निवडावा; प्राध्यापकाने किंवा पक्षाने नव्हे. गुण मोहिमेच्या जयापजयावर देऊ नयेत, केलेल्या अभ्यासावर व कष्टावर द्यावेत. ज्या विद्यार्थ्याचे मत वेगळे असेल, त्यास वेगळा प्रश्न घेण्याची मोकळीक असावी. आणि सत्र संपल्यावर याद्या व पोचपावत्या वस्तीतच राहाव्यात. परीक्षा संपली की विद्यार्थी निघून जातो. माणसे तेथेच राहतात.

मला ठाऊक आहे, आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक भीती आहे. घरातली पहिली पदवी मुलगी घेणार आहे. ती कोणाच्या डोळ्यांवर आली तर? ही भीती खोटी नाही. म्हणूनच काम एकट्या मुलीवर पडू नये, गटाने व्हावे, प्राध्यापक सोबत असावेत, आणि मुरबाडच्या आतल्या गावांतून येणाऱ्या मुलीला शेवटची एस.टी. चुकणार नाही अशी वेळ ठेवावी. परंतु भीतीपोटी तिला केवळ पुस्तकच दिले, तर ती पदवीधर होईल आणि तहसील कचेरीच्या दारात पूर्वीप्रमाणेच हात जोडून उभी राहील. आपण हात जोडण्यासाठी धर्मांतर केलेले नाही.

तेव्हा पुढील सत्रापूर्वी आपण पालक मिळून महाविद्यालयात जा. या ६० तासांत काय करविणार आहात, असे प्राचार्यांना नम्रपणे विचारा. आपल्या वस्तीचा एक प्रश्न लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. ज्यांची मुले अजून शाळेत आहेत, त्यांनीही सोबत जावे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे तीन शब्द आपल्या प्रत्येक घरात आहेत. ते वर्गात नेण्याची वाट आता उघडी आहे.

जयभीम!