पहिले धातुशोधक यंत्र

महसूल खात्यातील माणसाने धातुशोधक यंत्राविषयी बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. गुप्तधनाशी आमचा संबंध येतो तो बहुधा कागदोपत्रीच. परंतु काही वर्षांपूर्वी अभ्यासासाठी इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉर्विच शहरात वर्षभर राहण्याचा योग आला आणि तेथे घडलेल्या एका प्रसंगामुळे मी या यंत्राच्या नादी लागलो. ज्याला समुद्रकाठी शोध घ्यायचा आहे आणि शेताशिवारातही घ्यायचा आहे, पण ज्याच्या खिशात एकाच यंत्रापुरते पैसे आहेत, अशा नवख्या माणसाने यंत्र घेताना काय पाहावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रसंग असा. नॉर्विचपासून सुमारे तीस किलोमीटरवर ग्रेट यारमथ हे किनाऱ्यावरचे गाव आहे. ऑगस्टमधील एका रविवारी आम्ही उभयता तेथे गेलो होतो. ओहोटी लागली होती. त्या समुद्राचे पाणी ऐन उन्हाळ्यातही थंड असते. थंडीने बोटे आकसतात हे आम्हा मुंबईकडच्या माणसांच्या ध्यानात कोठून येणार? पत्नी पाण्यात हात बुडवून शिंपले वेचीत होती. वर आल्यावर पाहते तो बोटातील अंगठी नाही. अंगठी बारीक, दोन-अडीच ग्रॅमची. किमतीच्या दृष्टीने फार मोठे नुकसान नव्हते. पण ती माझ्या सासूबाईंची होती, आणि सासूबाई आदल्याच वर्षी निवर्तल्या होत्या. पत्नी काही बोलली नाही. जागेवरून मात्र हलेना.

त्या देशातील बहुतेक मोठ्या किनाऱ्यांवर कानाला हेडफोन लावून, हातातील दांड्याच्या टोकाची तबकडी वाळूवरून डावी-उजवीकडे फिरवीत चाललेले एखादे प्रौढ गृहस्थ दिसतातच. तसे एक गृहस्थ आमची अवस्था पाहून आपण होऊन पुढे आले. त्यांनी तबकडी ओल्या वाळूवर धरली मात्र, यंत्राने जो कलकलाट सुरू केला तो काही केल्या थांबेना. दहा पावले मागे, कोरड्या वाळूत, तेच यंत्र अगदी शहाण्यासारखे वागत होते. शेवटी त्यांनी एक कळ दाबून काही विशिष्ट आवाज बंद करून टाकले. यंत्र शांत झाले. दोन तास ते फिरले. भरतीचे पाणी वर येईपर्यंत अंगठी सापडली नाही.

असे का झाले हे कळण्यासाठी यंत्राची कार्यपद्धती थोडी समजून घेतली पाहिजे. तबकडीत तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा वीजप्रवाह सोडतात. त्याच्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला की धातूत लहान लहान भोवऱ्यांसारखे प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्यांची चाहूल दुसऱ्या वेटोळ्याला लागते. ही चाहूल किती विलंबाने येते यावरून लोखंड कोणते, अॅल्युमिनियम कोणते, चांदी कोणती याचा अंदाज यंत्र बांधते. कल्पना जुनीच आहे. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच यंत्र लावून पाहिले होते. गोळी सापडली नाही. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला, असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधण्याचे यंत्र तयार केले आणि 1942 साली एल अलामेनच्या वाळवंटात ते उपयोगी पडले. आजची हौशी यंत्रे त्याच घराण्यातील.

आता अडचण ही की मिठाचे पाणी स्वतःच वीजवाहक असते. ओली वाळू यंत्राला धातूच्या पातळ पत्र्यासारखी भासते. वाळूत किंवा मातीत लोहयुक्त खनिजे असली तर त्यांची चाहूल आणखी निराळी. एकाच वारंवारतेवर चालणारे यंत्र यांपैकी एका उपद्रवाशी जुळवून घेऊ शकते. दोन्ही एकदम आले की ते गोंधळते. आमच्या त्या परोपकारी गृहस्थांनी केले काय, तर मिठाचा आवाज ज्या पट्ट्यात येत होता तो पट्टाच बंद केला. चॉकलेटवरचा चंदेरी कागद त्याच पट्ट्यात बोलतो, आणि सोन्याची बारीक अंगठीही त्याच पट्ट्यात! ते कदाचित अंगठीवरून दोनदा गेलेही असतील.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला दुसरे एक गृहस्थ आले. त्यांचे यंत्र एकाच वेळी अनेक वारंवारता सोडणारे होते. मिठाचा परिणाम निरनिराळ्या वारंवारतांवर निरनिराळा होतो, त्यामुळे त्यांची तुलना करून यंत्र समुद्राचा आवाज वजा करू शकते. ते यंत्र अगदी मुके नव्हते, मधूनमधून कुरकुरत होते. पण त्यांनी कोणताही पट्टा बंद केला नाही. प्रत्येक आवाजाला त्यांनी जाळीचे फावडे घातले. शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या, चंदेरी कागदाचे बोळे, एक शिशाचा गोळा, असे अकरा जिन्नस निघाले. बाराव्या खेपेला जाळीत अंगठी राहिली. यंत्राच्या पडद्यावर तिचा आकडा आधीच्या एका कागदाच्या बोळ्याहून एकानेच निराळा होता, हे मी डोळ्यांनी पाहिले.

मी यंत्र घेण्याचे ठरविले ते त्याच आठवड्यात. दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती जाहिरातीच्या भाषेविषयी. ‘अनेक वारंवारता’ हे शब्द दोन अर्थांनी वापरतात. काही यंत्रांत तीन-चार वारंवारता असतात खऱ्या, पण वापरताना त्यांतील एकच निवडावी लागते. बाभळीच्या चार काठ्या घरात असणे वेगळे आणि मोळी बांधणे वेगळे. ‘एकाच वेळी’ हे शब्द असल्याखेरीज किनाऱ्यासाठी यंत्र घेऊ नये. दुसरी फसगत पाण्याची. स्वस्त यंत्रांची तबकडी पाण्यात चालते, परंतु वरची पेटी, जिच्यात सगळी अक्कल साठविलेली असते, ती चालत नाही. एक लाट गुडघ्याच्या वर आली की संपले. संपूर्ण यंत्र काही मीटर पाण्यात बुडवता येते असे निर्मात्याने लिहून दिले आहे की नाही, ते पाहावे. हे दोन गुण असलेले यंत्र मला पाचशे पौंडांच्या आतबाहेर मिळाले. तेव्हा ती रक्कम जड गेली. एका वारंवारतेची चांगली यंत्रे त्याहून बरीच स्वस्त मिळतात, आणि ज्याला समुद्र पाहायचाच नाही त्याने खुशाल तीच घ्यावीत.

‘स्पंदनी’ म्हणता येतील अशीही यंत्रे आहेत. ती विजेचा जोरदार ठोका देतात आणि मग थांबून ऐकतात. मीठ आणि खनिजे यांची त्यांना फारशी पर्वा नसते व ती खोलवर पोहोचतात. पण खिळा आणि अंगठी यांतला भेद त्यांना धडपणे करता येत नाही. किनाऱ्यावर ते चालून जाते. शेतात मात्र दिवसभर खिळेच खणावे लागतील. म्हणून पहिले यंत्र म्हणून मी ती सुचविणार नाही. वजनाचा विचार अवश्य करावा. दीड किलो हे हातात घेताना काहीच वाटत नाही, तीन तासांनी खांदा त्याची आठवण करून देतो.

शेतातील अनुभव मी सफोकमधील एका शेतकऱ्याची परवानगी काढून घेतला. तेथे मिठाचा प्रश्न नाही. प्रश्न शेकडो वर्षांच्या खिळ्यांचा, नालांचा, तुटक्या औजारांचा. दोन खिळ्यांच्या मधले नाणे ऐकू यावयाचे तर यंत्र एका आवाजातून सावरून दुसऱ्याकडे चटकन वळले पाहिजे, आणि तबकडी लहान असली तर अधिक बरे. माझ्या यंत्राची तबकडी अकरा इंचांची होती, ती किनाऱ्यावर सोयीची. शेतासाठी पुढे एक लहान तबकडी वेगळी घेतली. सापडले काय? गुंड्या, शिशाच्या गोळ्या आणि झिजलेली काही तांब्याची नाणी.

त्याच परगण्यात हॉक्सन नावाचे खेडे आहे. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये तेथील एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला, आणि त्याच्या मित्राने तो शोधण्यासाठी धातुशोधक फिरविला. हाती लागले ते रोमन काळाच्या अखेरीचे धन. सुमारे पंधरा हजार नाणी आणि सोन्याचांदीचे दागिने. त्या मित्राने थोडे खणल्यावर हात आवरता घेतला आणि अधिकाऱ्यांना कळविले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना पेटीत कोणती वस्तू कोठे ठेवली होती हेसुद्धा सांगता आले. त्या धनाची किंमत साडेसतरा लाख पौंड ठरली आणि ती सापडविणाऱ्याला मिळाली. त्याने शेतकऱ्याला वाटा दिला. हातोडाही सापडला, आणि तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे या बाबतीत 1878 चा गुप्तधनाचा अधिनियम आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर ते काय आहे, कोठे आणि कधी सापडले, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविले पाहिजे. न कळविणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपयांचा हा आकडा वाचताना मला दरवेळी हसू येते, पण कायदा तो कायदा. शिवाय 1958 च्या अधिनियमाप्रमाणे संरक्षित क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून खणता येत नाही. किल्ल्याच्या तटाखाली यंत्र घेऊन जाण्याचा मोह कोणाला झाला तर तो तेथेच सोडावा. पंचनामा करावयास आमच्याच खात्यातले कोणी तरी येईल.

परत आल्यावर यंत्राची खरी परीक्षा कोकणात झाली. भाच्याच्या मोटारसायकलीची किल्ली रत्नागिरीजवळच्या एका पुळणीवर पडली होती. त्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळूत इल्मेनाइटचे काळे थर आहेत. जवळच जांभ्याची लोहयुक्त तांबडी माती. वर समुद्राचे मीठ. ग्रेट यारमथला शहाणे ठरलेले यंत्र येथे पहिल्या पाच मिनिटांत मला नको नको करून गेले. संवेदनक्षमता जवळजवळ निम्म्यावर आणली, वाळूशी जुळवणी पुन्हा केली आणि तबकडी अगदी सावकाश फिरविली. खोली कमी झाली, पण आवाज समजू लागले. बाटल्यांची सात झाकणे निघाल्यावर चार बोटे खोल किल्ली लागली. भाच्याने, ‘मामा, आणखी थोडे पाहू या,’ म्हणून आग्रह धरला. तोवर भरती आली होती. विहिरीच्या गोड्या पाण्याने तबकडी आणि दांडा धुऊन, पुसून मी यंत्र पिशवीत घातले. पत्नी काठावर बसून पाहत होती. अंगठी तिने त्या दिवशी घरीच काढून ठेवली होती.