नाव उसनं देता येत नाही

आम्ही एका बचत गटाच्या दहाजणी. माइकसमोर एकच बसली आहे, पण हे बोलणं काल रात्री सगळ्यांनी मिळून लिहून काढलंय. आमचा धंदा कांदा-लसूण मसाल्याचा. मार्च ते मे हा मिरचीचा हंगाम, आणि वर्षाची निम्मी कमाई त्या तीन महिन्यांतच होते. आजचा विषय आहे धंद्यातलं नाव. ते कमवायचं कसं आणि सांभाळायचं कसं.

पहिलं पाकीट ओळखीवर खपतं. नणंद घेते, शाळेतल्या बाई घेतात, शेजारीण आपल्या गल्लीतल्या बाया म्हणून घेते. दुसरं पाकीट मात्र चवीवरच जातं. गिऱ्हाईक एकच गोष्ट बघतं, मसाला गेल्या खेपेसारखाच आहे का? एकदा झणझणीत आणि एकदा मिळमिळीत झाला, की ती बाई भांडायला येत नाही. ती दुसरीकडून घेते, आणि आपल्याला कळतही नाही.

म्हणून आम्ही प्रमाण भिंतीवर लिहून ठेवलंय. बेडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला, आणि कुठली किती ते वजनाने, मुठीच्या अंदाजाने नाही. कांडपाच्या वेळी दोघीजणी यंत्रापाशी उभ्या राहतात, म्हणजे आधीच्या कुणाची मिरची आपल्यात मिसळत नाही. प्रत्येक घाण्याची तारीख वहीत लिहितो आणि त्यातला चमचाभर मसाला बाटलीत ठेवतो. कुणी तक्रार घेऊन आलं तर पाकिटावरची तारीख बघायची, तीच बाटली उघडायची आणि तिच्यासमोर दोन्ही ताडून बघायचं. मग वाद होत नाही.

पाव किलो म्हणजे आत मसाला २५० ग्रॅम, पिशवीचं वजन वेगळं. पाकिटावर गटाचं नाव, पत्ता, फोन, वजन, किंमत, तारीख आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक. कायद्याला हे लागतंच. पण आमचा पत्ता वाचून गिऱ्हाईकाला कळतं की या बाया सापडतील, पळून जाणार नाहीत.

आता खरी परीक्षा सांगतो. गेल्या हंगामात एक व्यापारी आला. म्हणाला, "ताई, तुमचं नाव चांगलं झालंय. तयार मसाला मी देतो, तुम्ही फक्त तुमच्या पाकिटात भरा. किलोमागे चाळीस रुपये तुमचे." माल पाचशे किलो. म्हणजे वीस हजार रुपये, तेही उन्हात मिरची वाळवल्याशिवाय. बँकेचा हप्ता तोंडावर होता. आमच्यातल्या एकीच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती.

आम्ही त्याच्याकडून त्याच मसाल्यातलं नुसतं तिखट मागून घेतलं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वर चिमूटभर टाकलं. पाण्यात विरघळणारा खोटा रंग असेल तर तो रेघा ओढत खाली उतरतो. विटेची पूड असेल तर ती तळाशी बसते आणि बोटाला खरखरीत लागते. तसं काहीच दिसलं नाही. त्यामुळेच निर्णय अवघड झाला. वाईट मालाला नाही म्हणायला वेळ लागत नाही, हा माल तर दिसायला बरा होता.

संध्याकाळपर्यंत आमची वादावादी चालली. शेवटी आमच्यातल्या वयाने मोठ्या काकूंनी विचारलं, "मिरची कुठली, कुणी कुटली, किती जुनी, हे आपल्याला कुणी विचारलं तर काय सांगायचं?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. शिवाय तेलात विरघळणारे रंग पाण्याच्या ग्लासात दिसत नाहीत. शेजारणीला साखर उसनी देता येते, ती परत येते. नाव उसनं दिलं तर ते तसंच परत येईल याची खात्री कोण देणार? आम्ही नाही म्हटलं.

लिज्जत पापड तुम्हाला माहीतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना मदत करणाऱ्या छगनलाल पारेखांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. आजही पीठ केंद्रावर एकत्र मळतात आणि बहिणी ते घरी नेऊन लाटतात. घरं हजारो, पण पापड एकाच चवीचा. नाव टिकलं ते त्यामुळे.

आमचं पुढे काय झालं? मुलीच्या फीसाठी गटाच्या बचतीतून अंतर्गत कर्ज दिलं. हप्त्यासाठी गावातल्या बायांची मिरची मजुरीवर निवडून, देठ काढून दिली. त्या हंगामात प्रत्येकीच्या वाटणीला कमी पैसे आले, हे लपवण्यात अर्थ नाही. दोघींच्या घरी त्यावरून बोलणीही बसली. पण जुनी गिऱ्हाइकं यंदाही आधीच सांगून ठेवताहेत, आणि पाकिटात काय आहे ते आमच्यातली कुणीही छातीठोक सांगू शकते.

मैत्रिणींनो, तुमचा धंदा पापडाचा असो, लोणच्याचा असो की गोधड्यांचा, तुमच्याकडेही असा कुणीतरी येईल. नाव होऊ लागलं की येतोच. म्हणून हंगामाच्या आधी, हातात चार पैसे असताना, एकदा बैठक घ्या आणि दुसऱ्याचा माल आपल्या नावाने विकायचा की नाही ते ठरवा. ठरलेलं इतिवृत्त वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. नड दारात उभी असताना ठरवायला बसलं तर डोकं शांत राहत नाही. त्या वेळी वही उघडून वाचून दाखवता आली पाहिजे.