पत्र्याच्या शेडमधली नगर-बीड गाडी

आमचा बचत गट बीड शहराच्या कडेला, हायवेपलीकडं प्लॉटिंगची नवी वस्ती झाली आहे, तिथला. गटात आम्ही अकरा जणी. त्यातल्या सहा जणींनी वर्षभर जो उद्योग केला, त्याबद्दल बोलायला आज आम्हाला बोलावलंय. पापड नाही, मसाला नाही, शिलाई पण नाही. आम्ही रेल्वे केली. हसू नका. म्हणजे हसा, आमच्या घरचे पण हसले होते.

आमच्या वस्तीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक मामा राहतात. गार्ड होते. त्यांच्या घरामागं तीस फुटी पत्र्याचं शेड आहे, त्यातली अर्धी जागा आम्ही शेवयाच्या मशीनसाठी भाड्यानं घेतली. उरलेल्या अर्ध्यात मामांचं टेबल. त्यावर मुंबईहून कधीकाळी आणलेलं एक छोटं इंजिन, तीन डबे आणि रुळांचे तुकडे. मशीन थंड होईस्तोवर आम्ही ते बघत बसायचो. मामा इंजिन चालवून दाखवायचे. १२ व्होल्टवर चालतं, रुळाला हात लावला तरी झटका बसत नाही. आमच्यातल्या दोघींनी पहिल्यांदा हात लावला तेव्हा डोळे मिटून लावला होता.

तेव्हा, म्हणजे २०२४ च्या पावसाळ्यात, खरी गाडी नगरहून अंमळनेरपर्यंतच यायची. त्यातला आष्टीपर्यंतचा ६६ किलोमीटरचा तुकडा २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाला होता. नगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची लाईन मंजूर झाली १९९५ साली. आमच्यातल्या काहींचं लग्नसुद्धा तेव्हा झालेलं नव्हतं. तशी परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे, पण बीडच्या माणसाला परळीला जाऊनच रेल्वे बघायची. मामा एकदा म्हणाले, "खरी यायची तेव्हा येईल, तुम्ही तुमची आणा की." ते चेष्टेनं म्हणाले. आम्ही मनावर घेतलं.

आधी पुण्याला जाऊन आलो. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं. दिवे मालवतात आणि अंधारात आख्खं गाव उजळतं. गाड्या एकमेकींना वाट देतात, सिग्नल आपोआप पडतो-उठतो. बघून मन भरलं आणि धीरही खचला. परतताना एसटीत कोणी बोलेना. असलं आपल्यानं व्हायचं नाही, एवढी जागा नाही, एवढा वेळ नाही.

मामांनी दुसरी तऱ्हा सांगितली. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, १९७० नंतरच्या दहा वर्षांत एक पद्धत निघाली, एन-ट्रॅक नावाची. प्रत्येकानं आपापल्या घरी चार फुटांची एक फळी करायची. तिच्यावर काय उभं करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पण फळीची उंची आणि रुळाची जागा सगळ्यांची एकच. जमायचं त्या दिवशी फळीला फळी जोडायची आणि गाडी सोडायची. जपानात घरं लहान, तर तिथं टेबलावर मावतील अशा छोट्या पेट्या निघाल्या. ती तऱ्हा अमेरिकेत नेली ती ली मोनॅको-फिट्झजेराल्ड नावाच्या एका बाईंनी. बाईचं नाव ऐकल्यावर आम्ही सरसावून बसलो.

आठ बाय चारची एक प्लायवूडची शीट आणली. गटाच्या बचतीला हात लावला नाही, हे आधीच सांगते, कारण हा प्रश्न सगळीकडं विचारतात. सहा जणींनी वर्गणी काढली. शीटमधून चार फूट लांब आणि सोळा इंच रुंद अशा बरोबर सहा फळ्या निघतात. ज्या गावाजवळ जिचं माहेर, ते स्टेशन तिचं. त्यावरून नावं पडली. नगरची, कड्याची, आष्टीची, अंमळनेरची, राजुरीची आणि बीडची. अंमळनेर म्हणजे आपलं भांड्याचं अंमळनेर, खानदेशातलं नव्हे. राजुरी म्हणजे नवगण राजुरी.

फळीचा मोठा फायदा हा, की ती घरी नेता येते. दिवाणाखाली सरकवता येते. रात्री भाकरी-भांडी झाली, पोरं झोपली, की तासभर काढायचा. आम्ही काही रोज नेमानं बसलो नाही. नळाला पाणी आलं की सगळं टाकून पळायचं, कापूस वेचणीचे दिवस आले की आठ-आठ दिवस हात लागायचा नाही.

सामान म्हणाल तर बाजारातून आणलेलं थोडंच. चहाचा चोथा वाळवून माती केली. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात कालवून गवत. पऱ्हाटीच्या बारीक फांद्यांची झाडं इतकी खरी दिसतात, की शेतात पडलेली पऱ्हाटी आता आम्हाला सरपण वाटतच नाही. डोंगर कागदाच्या लगद्याचा. आपल्या आज्या मेथी वाटून घालून लगद्याच्या टोपल्या करायच्या, तोच लगदा. माणसं आगपेटीच्या काडीची. ही गाडी खऱ्याच्या ८७ वा भाग असते, म्हणजे पाच फुटी बाई पावणेदोन सेंटिमीटरची. अर्धी काडी घ्यायची, रंगीत दोरा गुंडाळायचा, झालं लुगडं.

एक गोष्ट आमच्या शिलाईवालीनं पकडली. आपल्याकडं दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलीमीटर. ८७ नं भागलं तर १९ च्या वर येतं. विकतचे रूळ मात्र साडेसोळाचे, कारण ते १४३५ मिलीमीटरच्या परदेशी मापावरून केलेले. ती म्हणाली, "म्हणूनच ही गाडी तंग झंपर घातल्यासारखी दिसायलीय." मामा गार्ड असून त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिनंच आणखी एक हिशेब मांडला. नगर ते बीड अंदाजे १६७ किलोमीटर, त्याचा ८७ वा भाग केला तरी १ किलोमीटर ९०० मीटरच्या वर. आमचं शेड तीस फुटांचं. म्हणून दोन गावांमधला रस्ता आम्ही खाऊन टाकला. बीडच्या फळीवर कंकालेश्वराचं देऊळ आहे, भोवतीच्या पाण्याला जुना आरसा लावलाय. खरं तर ते स्टेशनाजवळ नाही. पण बीड म्हटलं आणि कंकालेश्वर नाही, तर लोक म्हणाले असते हे कुठलं गाव.

दिवाळीच्या आधी फळ्या पहिल्यांदा जोडून बघितल्या आणि फजिती झाली. कुणाची फळी अर्धा इंच उंच, कुणाचा रूळ बोटभर आत. इंजिन नगरहून निघालं आणि कड्याला आडवं पडलं. भांडणं झाली. जी ती म्हणे माझं माप बरोबर. मग कळलं, एकीनं शिलाईची कापडी टेप वापरली होती, ती वापरून वापरून ताणली होती. दुसरीनं पोराची शाळेची पट्टी घेतली आणि शून्याऐवजी पट्टीच्या कडेपासून मोजलं. मामांनी सगळ्यांच्या टेपा बाजूला ठेवायला लावल्या. लाकडाचा एकच साचा केला. फळीच्या टोकाला तो लावायचा, त्यातल्या खाचेत रूळ बसवायचा, भोकात बोल्ट घालायचा. मोजायचंच नाही. पायांना खाली फिरवायचे बोल्ट लावले, म्हणजे जमीन खालीवर असली तरी फळी समपातळीत येते. आणि टोकाचा चार इंच रूळ मोकळाच ठेवायचा. फळ्या आवळून झाल्या, की जोडतुकडा वरून बसवायचा. खालून लाल वायर लालला, काळी काळीला. गाडी तरी अडखळली तर स्पिरिटच्या फडक्यानं रूळ पुसायचे, निम्मा आजार धुळीचा असतो.

तुमच्यापैकी कुणाला काही जोडून करायचं असेल, तर आमचं ऐका. वर काय करायचं त्यावर वाद घालू नका. टोकांचं तेवढं आधी ठरवा. आम्ही उलटं केलं होतं. झाडं कसली लावायची यावर दोन बैठका घालवल्या.

आता अंमळनेरचीचं सांगायचं. ती आमच्यात सगळ्यात हुशार, हाताला कला. पण ती आणि तिचा नवरा, त्यांचा कोयता आहे. मुकादमाची उचल घेतलेली, दिवाळी झाली की कारखान्यावर जायचं. जाण्याआधी फळी शेडमध्ये आणून ठेवते म्हणाली होती. डोंगर वाळायचा राहिला होता म्हणून थांबली. आणि टोळीची गाडी ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, रात्रीच आली. सकाळी आम्ही बघतो तर दाराला कुलूप. सासूसुद्धा लेकरं सांभाळायला बरोबर गेलेली. फळी आत.

तिचा फोन आला चार दिवसांनी. "कुलूप तोडा," म्हणाली. आम्ही तोडलं नाही. बाई घरात नसताना तिचं कुलूप तोडायचं, ते कुणाला बरं वाटलं नाही. पण २६ जानेवारीला शाळेत मांडायचं कबूल केलं होतं. आष्टी आणि राजुरीच्या मध्ये चार फुटांचा खड्डा. एकीनं सुचवलं, अंमळनेर गाळून टाकू, आष्टीवरून थेट राजुरीला जाऊ, कुणाला कळतंय. साच्यामुळं ते जमलंही असतं, कुठलीही फळी कुठल्याही फळीला लागते. पण बाकीच्यांना पटेना. मामांकडं एक जुनी फळी पडली होती. एका संध्याकाळी तिला पाय लावले, साचा लावून रूळ ठोकले, वायर ओढली. वर काहीच केलं नाही. वेळ होता, भुसा होता, झाडं उरलेली होती, तरी नाही केलं. अंमळनेर तिचं होतं.

२६ जानेवारी २०२५ ला शाळेच्या व्हरांड्यात गाडी नगरहून निघाली आणि बीडला पोचली. दोनदा लाईट गेली, तेवढा वेळ कड्याला आणि राजुरीला थांबली, तेही खऱ्यासारखंच म्हणायचं. बघायला आलेलं पोरगं पोरगं त्या कोऱ्या फळीपाशी थांबून विचारायचं, इथं काहीच कसं नाही? आम्ही सांगायचो, या फळीची बाई ऊसतोडीला गेलीय. त्या शाळेत निम्मी पोरं अशी, की त्यांना याच्यावर आणखी काही विचारायचं नसतं. एक मुलगी मात्र म्हणाली, "माझी आई पण." आणि गाडी त्या फळीवरून जाईपर्यंत तिथंच उभी राहिली.

पाडव्याच्या सुमारास ती परत आली. आम्ही पाचही जणी दारात. कुलूप उघडलं, दिवाणाखालून फळी ओढली. लगद्याचा डोंगर उंदरांनी पोखरून आरपार भोक पाडलं होतं. आम्हाला रडूच आलं, ती मात्र खो खो हसायला लागली. "चला, बोगदा झाला." डोंगराच्या पायथ्याला तिनं उसाच्या पाचटाच्या तीन कोप्या केल्या होत्या. अंमळनेरला कोप्या कशा, असं आम्ही विचारलं. कोप्या तर कारखान्याच्या रानात असतात. ती म्हणाली, "सहा महिने माझं गाव तेच आहे की." यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. कोप्या आहेत तिथंच आहेत, बोगदा पण.

आणि मग खरी गाडी आली. १७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस. आमची गाडी बीडला तिच्याआधी जवळजवळ आठ महिने पोचली होती, हे आम्ही स्टेशनवर भेटेल त्याला सांगत होतो. गर्दी एवढी, की आमच्यातल्या दोघींना फक्त डब्याचं छप्पर दिसलं. मामांनी डोळे पुसले. अंमळनेरची गाडीकडं बघत म्हणाली, "आता उसाला रेल्वेनं जायचं का?" हसलो सगळ्या. पण उत्तर तिला पण माहीत आणि आम्हाला पण. भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं, सगळा संसार घेऊन जायचं असतं. मुकादमाचा ट्रक दाराशी येतो. ही गाडी काही कारखान्याच्या रानात थांबत नाही. मग तिला काय झालं, असं आम्ही विचारणार, तर तीच म्हणाली, "पोरीला कामाला येईल. नगरला कॉलेजला जाईल." पोरगी नववीत आहे. यंदा ती मावशीकडं राहणार, बरोबर जाणार नाही. एवढं ठरलंय, उचल घेतानाच ठरलंय.

त्याच महिन्यात पावसानं झोडपलं. शेडमध्ये घोटाभर पाणी. शेवयाचं मशीन आधी उचललं, मग फळ्या. चार फुटांची फळी एकटी बाई उचलू शकते, तेव्हा कळलं की आठ फुटांची केली नाही ते बरं केलं. नगरची फळी खालून फुगली, ती नव्यानं करायचं चाललंय.

कोरी फळी मोडायची का, असं मामांनी विचारलं होतं. ती आता आम्ही बीडच्या पुढं जोडली आहे, परळीच्या अंगाला. जोडली तेव्हा तिकडं गाडी जात नव्हती.

अंमळनेरची यंदा आठ दिवस आधीच फळी शेडमध्ये आणून देऊन गेली. घराची एक किल्लीही दिली. आणि जाताना बजावलं, लगद्याच्या आशेनं उंदीर येतात, तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी डांबराच्या गोळ्या ठेवा. दोन्ही तोंडांशी. रुळावर ठेवू नका मात्र.