ढोलींतून पडलेलें पिलूं

भोळ्याभाबड्या माणसाविषयीं मराठींत "तो अजून बोळ्यानें दूध पितो" असें म्हणतात. या बोलण्याचा रोख माणसावर असला, तरी बोळा ही वस्तु खरी आहे. आईवेगळें तान्हें मूल असो, शेळीचें करडूं असो, कीं झाडावरून पडलेलें खारीचें पिलूं असो, कापसाचा किंवा चिंधीचा बोळा दुधांत भिजवून त्याच्या तोंडाला लावावयाचा, ही महाराष्ट्रांतील घरांतून चालत आलेली पहिली दया होय. तिनें कित्येक जीव वांचले असतील. परंतु खारीच्या जातीचीं पिलें मात्र तिच्यामुळें फार वेळां दगावतात. तेथें दयेची उणीव नसते. दयेचा क्रम चुकलेला असतो.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांत, अकोले तालुक्याच्या डोंगरी भागांत राजूर हें बाजाराचें गांव आहे. डांगी जनावरांच्या प्रदर्शनामुळें त्याचें नांव दूरवर माहीत झालेलें आहे. त्याच्या आसपास भंडारदऱ्याचें धरण, १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर, रतनगड आणि हरिश्चंद्रगड अशी सह्याद्रीची भव्य मांडणी आहे. या डोंगरांवरील रानाला १९८६ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. अशा गांवीं पावसाळ्याच्या तोंडाशीं वादळ झालें, एखादें जुनें झाड कोसळलें किंवा तोडलें गेलें, कीं मुलें ओंजळींत कांहींतरी जपून घेऊन घरीं येतात. डोळे मिटलेले, अंगावर अजून लव नाहीं, कातडी गुलाबी आणि हाताला गार. घरांतील बायका दुधाच्या पातेल्याकडे वळतात. त्या क्षणीं "याला काय पाजावें" हा प्रश्न बाजूला ठेवून "हें कोणाचें पिलूं" असें आधीं विचारलें पाहिजे.

तीन आया संभवतात. पहिली घरोघरची साधी खार, जिच्या पाठीवर श्रीरामाच्या बोटांचे पट्टे उमटले अशी कथा आहे. दुसरें शेकरूं, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तें उंच झाडाच्या शेंड्याकडे काटक्यापानांचें मोठें घरटें बांधतें व दिवसा हिंडतें. तिसरी उडती खार. इंग्रजी अमदानींतील प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत तिचें मराठी नांव "पाक्या" असें नोंदलेलें आहे. ती मेळघाटांत व सह्याद्रीच्या दाट रानांत आढळते, झाडाच्या ढोलींत राहते, आणि अंधार पडल्यावरच बाहेर येते. राजूरच्या बाजूला शेकराचें किंवा साध्या खारीचें पिलूं मिळण्याचा संभव अधिक. तरी ओळखण्याची खूण ठाऊक असावी. उडत्या खारीला पंख नसतात. पुढच्या पायाच्या मनगटापासून मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत कुशीला कातडीचा एक पातळ पडदा असतो. चारी पाय पसरून उडी घेतली कीं तो ताणला जातो, आणि प्राणी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत उतरतो. तान्ह्या पिलाच्या कुशीला या पडद्याची सैल घडी दिसते. साध्या खारीच्या किंवा शेकराच्या पिलाला ती नसते.

ही ओळख केवळ कुतूहलासाठीं नव्हे. पुढें काय करावयाचें तें तिच्यावरच अवलंबून आहे. जमिनीवर पडलेलें पिलूं पोरकें असतेंच असें नाहीं. खारींच्या जातींत मादी पडलेलें पिलूं तोंडांत धरून दुसऱ्या सुरक्षित जागीं नेते. माणसाचा हात लागला कीं आई पिलाला टाकते, ही समजूत खारींच्या बाबतींत खरी नाहीं. म्हणून पिलूं धडधाकट असेल, अंगावर जखम नसेल व मांजराचा दांत लागलेला नसेल, तर त्याला त्याच झाडाकडे परत न्यावें. एका लहान टोपलींत मऊ कापड घालून, त्याखालीं कोमट पाण्याची गुंडाळलेली बाटली ठेवून, ती टोपली झाडाच्या खोडाला, माणसाचा हात पोंचेल तितकी उंच बांधावी. वरून पावसाची झड लागूं नये, आणि दोरीवरून मुंग्या चढूं नयेत, एवढी काळजी घ्यावी. मग सर्वांनीं दूर व्हावें. कुत्रें बांधून ठेवावें.

येथें ओळखीचा उपयोग होतो. खार किंवा शेकरूं दिवसा फिरणारें. त्याची आई यावयाची ती उजेडांतच येईल. संध्याकाळ झाली तरी ती आली नाहीं, तर पिलूं रात्रभर बाहेर ठेवण्यांत अर्थ नाहीं. पाक्याची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याची आई दिवसभर येणार नाहीं, कारण तो तिच्या झोपेचा काळ. दिवसभर पिलाला घरांत उबेंत ठेवून सूर्य मावळतां मावळतां टोपली झाडाला बांधावी, कंदील व विजेऱ्या विझवाव्या, आणि पहिले तीनचार तास कोणीहि जवळ जाऊं नये. "सकाळपासून वाट पाहिली, आई फिरकली नाहीं" असें म्हणून जें पिलूं घरीं नेलें जातें, तें पुष्कळदां माणसानेंच पोरकें केलेलें असतें.

आई मेलेली डोळ्यांनीं पाहिली असेल, किंवा योग्य वेळीं वाट पाहूनहि ती आली नसेल, तरच दुसरी पायरी. ती म्हणजे ऊब. तान्ह्या पिलाला स्वतःच्या शरीराची उष्णता राखतां येत नाहीं. गारठलेल्या पिलाचें पचन थांबलेलें असतें. अशा पोटांत गेलेलें दूध पचत नाहीं, तें नासतें. म्हणून पिलूं हाताला उबदार लागेपर्यंत त्याच्या तोंडांत कांहींहि घालूं नये. लहान खोका घ्यावा, त्याला हवेसाठीं भोंकें पाडावीं, आणि खोक्याच्या अर्ध्याच भागाखालीं गरम पाण्याची पिशवी ठेवावी, म्हणजे फार उकडल्यास पिलाला सरकतां येईल. लव न आलेल्या पिलाच्या बिछान्यापाशीं सुमारें ३२ अंश सेल्सियस उष्णता असावी. अंथरूण जुन्या मऊ कापडाचें असावें. सुटा कापूस किंवा दोरे निघालेली चिंधी नको. तंतु बोटांना गुंडाळून रक्त अडतें. चुलीजवळ किंवा उन्हांत खोका ठेवणें हें उबेचें नव्हे, भाजण्याचें साधन आहे.

तिसरी पायरी पाणी. कित्येक तास उपाशी पडलेलें पिलूं आधीं तहानेलेलें असतें. मानेवरची कातडी चिमटींत धरून सोडली असतां ती सावकाश खालीं बसली, तर शरीरांतील पाणी आटलें आहे असें समजावें. अशा वेळीं जनावरांच्या डॉक्टरांना विचारून जलसंजीवनीचें कोमट पाणी थोडें थोडें द्यावें. मांजराच्या दांताची जखम सुईच्या टोंकाएवढी असली तरी डॉक्टरांकडे न्यावयास विलंब लावूं नये; तिच्यांतून विष फार लवकर भिनतें.

दूध येतें तें चौथ्या पायरीवर. आणि तेंहि गाईम्हशीचें नव्हे. खारीच्या दुधांत स्निग्धांश व प्रथिनें गाईच्या दुधाहून कितीतरी अधिक, आणि दुधांतील साखर कमी असते. गाईचें दूध दिल्यास पिलाचें पोट फुगतें, जुलाब होतात आणि पोट भरूनहि त्याचें पोषण होत नाहीं. अशा पिलांची शुश्रूषा करणारे जाणकार कुत्र्याच्या पिलांसाठीं मिळणारी दुधाची भुकटी वापरतात. दूध पाजावयाचें तें बोळ्यानें नव्हे, तर सुई काढलेल्या एक मिलिलिटरच्या पिचकारीनें. बोळ्यांतून किती दूध येतें याचा अंदाज नसतो. भुकेलें पिलूं अधाशीपणें ओढतें, आणि दूध पोटांत न जातां श्वासनलिकेंत उतरतें. मग फुप्फुसाचा दाह होऊन तें दोनतीन दिवसांत मरतें, आणि घरांतील माणसें म्हणतात, "त्याचें आयुष्य तेवढेंच होतें." आयुष्य तेवढें नव्हतें, तें दुधांत बुडालें.

हें टाळण्याची रीत सोपी आहे. पिलाला माणसाच्या मुलासारखें उताणें निजवूं नये. पोट खालीं व डोकें किंचित् वर असें हातांत धरावें. थेंब थेंब द्यावें, त्यानें गिळलें कीं पुढचा. नाकांतून दूध आलें तर लगेच थांबावें, डोकें खालीं करून नाक पुसावें. एका वेळचें प्रमाण शरीराच्या वजनाच्या शेंकडा पांचाहून अधिक नसावें; म्हणजे ३० ग्रॅमच्या पिलाला दीड मिलिलिटर. डोळे मिटलेले आहेत तोंवर दोनतीन तासांनीं पाजावें लागतें, रात्रीहि. पाजल्यावर कोमट पाण्यांत भिजवून पिळलेल्या मऊ कापडानें त्याच्या शेपटीखालचा भाग हलकेंच पुसावा. रानांत हें काम आईची जीभ करते. त्यावांचून तान्ह्या पिलाला लघवी करतां येत नाहीं. आणि रोज एकाच वेळीं वजन करून लिहून ठेवावें. पिलाची प्रकृति चेहऱ्यावरून कळत नाहीं, ती काट्यावर कळते.

हा उद्योग चारदोन दिवसांचा नव्हे. अमेरिकेंतील लहान उडत्या खारीच्या पिलाचे डोळे उघडावयास सुमारें चार आठवडे लागतात, आणि दूध सुटावयास आणखी तितकेच. पाक्या हा आकारानें कितीतरी मोठा. पूर्ण वाढल्यावर शेपटीसह त्याची लांबी तीन फुटांच्या आसपास भरते. त्याच्या पिलाचें बाळपणहि अधिक लांब. पुढें त्याला अन्न हवें तें रानाचें. दक्षिणेकडील सह्याद्रींत ज्यांनीं पाक्याच्या आहाराचा अभ्यास केला, त्यांना उंबराचीं फळें व पानें त्यांत ठळकपणें आढळलीं. घरांत वाढलेल्या पिलाला मात्र शेंगदाणे, बिस्किटें आणि पोळीचा तुकडा मिळतो. त्यानें हाडांना लागणारा चुना कमी पडतो, मागचे पाय लुळे पडतात, आणि ज्या प्राण्याचें सारें जीवन उडीवर, तो खोक्याच्या कोपऱ्यांत सरपटत राहतो.

म्हणूनच कायदा या ठिकाणीं दयेच्या विरुद्ध नसून तिच्या बाजूचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें शेकरूं व उडती खार यांना संरक्षण दिलें आहे. असा प्राणी कोणत्याहि मार्गानें हातीं आला तर ४८ तासांच्या आंत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याला कळविणें बंधनकारक आहे. त्याला घरीं पाळणें हा गुन्हा आहे. महाराष्ट्रांत वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनि क्रमांक त्यासाठींच आहे. पुष्कळ कुटुंबांना हें कठोर वाटतें. ज्याच्यासाठीं चार रात्री जागून काढल्या, तें परक्याच्या हातीं कां द्यावें? परंतु ज्या पिलाला मुलांच्या खांद्यावर बसण्याची संवय लागली, त्याला घुबडाची भीति वाटत नाहीं, कुत्र्याची वाटत नाहीं, आणि दुसऱ्या खारीची ओळख राहात नाहीं. झेप घेणें हें त्याच्या जातीचें उपजत ज्ञान असलें, तरी अंतराचा अंदाज, फांदीची निवड, खोडावर उतरतांना शरीर वर उचलण्याची लकब हीं सर्व अंगवळणीं पडावयास उंच जागा आणि सराव लागतो. दहा फूट उंचीच्या खोलींत तो व्हावयाचा नाहीं. जाणकार लोक अशा पिलाला रानाच्या कडेला मोठ्या पिंजऱ्यांत ठेवतात, माणसाचा सहवास कमी करीत नेतात, आणि मग एका संध्याकाळीं दार उघडें ठेवतात. अन्न कांहीं दिवस तेथेंच मिळत राहतें. पिलूं येणें हळूहळू कमी करतें आणि शेवटीं येत नाहीं. तें येईनासें होणें हेंच या शुश्रूषेचें यश.

त्याला परतावयास रान मात्र हवें, आणि रानांत पोकळ झाड हवें. जपानांत मुसासाबी नांवाची मोठी उडती खार मंदिरांच्या आवारांतील जुनाट झाडांच्या ढोलींतून राहते; देवाच्या भीतीनें झाडें टिकलीं, म्हणून तीहि टिकली. सह्याद्रींतील देवरायांनीं हेंच काम केलें आहे. परंतु देवराईच्या बाहेर पोकळ झाडाला कोणी वाली नसतो. त्याचें लांकूड इमारतीला निरुपयोगी, म्हणून कुऱ्हाड आधीं त्याच्यावर पडते. आणि ढोल धरावयास झाडाला कित्येक दशकें लागलेलीं असतात. राजूरच्या आसपास कोणाच्या बांधावर असें जुनें उंबराचें किंवा आंब्याचें झाड पाडावयाचें ठरलें, तर मालकानें एक संध्याकाळ त्याच्याखालीं बसून काढावी. दिवेलागणीनंतर ढोलीच्या तोंडाशीं हालचाल दिसली, तर वनविभागाला कळवावें आणि कुऱ्हाड निदान पिलें बाहेर पडेपर्यंत थांबवावी. एका संध्याकाळच्या या खोळंब्यानें ओंजळीचें, पिचकारीचें आणि चार रात्रींच्या जागरणाचें कामच उरत नाहीं.