नावाच्या पुढचा प्रश्न
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची स्पर्धा असते. यंदा स्पर्धेच्या अगोदर त्याच विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गावात शाळाच तेवढी होती, आणि मुलीला पुढे परगावी धाडायची कोणाची तयारी नव्हती. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नका. रोज हाताशी असणाऱ्या वस्तूंबद्दल जे वाचले, विचारून घेतले, तेच सांगते.

२००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले, तेव्हा मी नवी सून होते. पडद्यावर प्रश्न आला की घरातली माणसे चढाओढीने उत्तरे सांगत, आणि मी चहा टाकायला उठत असे. मला ऊठ असे कोणी म्हटले नव्हते. आपल्याला यातले काय कळणार, असे माझे मलाच वाटे. अजूनही आपल्यापैकी कितीजणी अशा उठत असतील, ते ज्याचे त्याला ठाऊक.

माझे सांगणे एवढेच, की नावे आणि साले पाठ केली म्हणजे ज्ञान झाले असे नव्हे. नाव कळले की पुढचा प्रश्न विचारावा. हे कसे चालते? आणि कोणाच्या कष्टाने आपल्यापर्यंत आले? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

आपला प्रेशर कुकर घ्या. तो कोणी शोधला? डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने, १६७९ साली, लंडनमध्ये. १६८२ साली त्याने तिथल्या रॉयल सोसायटीच्या मंडळींना त्यात शिजवलेले जेवण वाढले, तेव्हा हाडेसुद्धा मऊ झाली होती म्हणतात. इथे स्पर्धेतले उत्तर संपते. पण तो चालतो कसा? उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. खाली जाळ कितीही वाढवा, ते त्याहून तापत नाही, नुसता गॅस जळतो. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि आतले पाणी १२० अंशांच्या आसपास जाते. म्हणून डाळ लवकर शिजते. उंच डोंगरावर याच्या उलट होते. तिथे हवेचा दाब कमी, पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते, आणि उघड्या भांड्यातला भात शिजता शिजत नाही.

पापँला लवकरच कळले की कोंडलेली वाफ भांडे फोडील. म्हणून त्याने जादा वाफ सुटण्यासाठी वजनाची झडप बसवली. आपली शिट्टी ही त्या झडपेचीच नात. तुरीच्या डाळीला फेस येतो, तो शिट्टीच्या भोकात अडकतो आणि वाफेची वाट बंद होते. म्हणून डाळीचा कुकर अर्ध्यावर भरू नये, भोक उजेडात धरून रोज पाहावे, आणि वाफ पुरती जिरल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर ती जागा दुसऱ्या कशाने बुजवू नये, नवा व्हॉल्व्हच बसवावा. पापँचे नाव विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका.

आता देवापुढची काडेपेटी. घासून पेटणारी काडी प्रथम विकली ती इंग्लंडातल्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने, १८२७ साली. त्याने पेटंटही घेतले नाही. पुढे काड्यांत पांढरा फॉस्फरस घालू लागले. काडी कुठेही घासली की पेटे, पण तो पदार्थ जहरी. कारखान्यात काड्या करणाऱ्या बायका आणि पोरी त्याच्या वाफेत दिवसभर बसत. त्यांचे दात दुखून पडत आणि जबड्याचे हाड सडत जाई. त्यात मजुरी थोडी, आणि बारीकसारीक गोष्टीला दंड. अखेर १८८८ साली लंडनच्या एका कारखान्यातल्या सुमारे चौदाशे बायका-मुली संपावर गेल्या आणि त्यांनी मागण्या पदरात पाडून घेतल्या. त्यांची हकीगत छापून लोकांपुढे मांडली ती ॲनी बेझंट यांनी. होय, पुढे हिंदुस्थानात आलेल्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा झालेल्या त्याच बेझंटबाई. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालण्याचा करार काही देशांनी १९०६ साली केला.

आपल्या आजच्या काडीच्या टोकाला फॉस्फरस नसतोच. बिनविषारी तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीला असतो. म्हणून काडी भिंतीवर घासून पेटत नाही, पट्टीवरच पेटते. काडी पेटवताना वॉकरसाहेबांची आठवण ठेवावी, पण त्या पोरींना विसरू नये.

आता टीव्ही. तो कोणी शोधला, याला एकच नाव सांगितले की गुण मिळतात. खरे म्हणजे ते काम पुष्कळांचे आहे. जॉन बेअर्ड या स्कॉटिश गृहस्थाने २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनला आपले यंत्र जाणकारांना दाखवले. त्याची सुरुवातीची जुळणी ऐका: चहाचे खोके, टोपीचा डबा, सायकलच्या दिव्याची भिंगे, लाख आणि रफूच्या सुया! आपल्या माळ्यावर याहून जास्त सामान निघेल. अमेरिकेत फायलो फार्न्सवर्थ या शेतकऱ्याच्या मुलाला चौदाव्या वर्षी नांगरलेल्या शेतातले तास पाहून सुचले, की चित्रही असेच ओळीखाली ओळ पाठवता येईल. १९२७ साली त्याने विजेच्या नळीतून ते करून दाखवले. त्याची पत्नी प्रयोगशाळेत बरोबरीने राबे. आपल्याकडे दिल्लीत १९५९ साली प्रयोग म्हणून प्रक्षेपण सुरू झाले, आणि मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला. शेतातले तास कोणी पाहिले नाहीत? त्याने ते पाहून प्रश्न केला, एवढाच फरक.

पडद्यावरच्या नट्यांविषयी आपण काय बोलतो? कोणाचे लग्न कोणाशी, साडी कोणती. हॉलिवूडची हेडी लामार आपल्या काळी फार देखणी म्हणून गाजली. महायुद्ध चालू असता तिने एका संगीतकाराच्या जोडीने युक्ती काढली, की पाणतीराला दिलेला बिनतारी संदेश शत्रूने अडवू नये म्हणून त्याने एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारीत जावे. १९४२ साली दोघांना पेटंट मिळाले. तेव्हा आरमाराने ती वापरली नाही. आज मुलांच्या कानातले बिनतारी ब्लूटूथ लहरी बदलत चालते, ते अशाच तत्त्वावर. तिचा मान झाला तो १९९७ साली, तिच्या म्हातारपणी.

आणि आपल्या कमलाबाई सोहोनी. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला, कारण त्या स्त्री होत्या. बाई हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला, आणि दूध व कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना दार उघडले. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या परतल्या. आपल्या वाटीतल्या वरणाला त्यांच्या विद्येचा स्पर्श झालेला आहे. हे नाव आपल्या मुलींना रामन यांच्या नावाइतकेच पाठ असायला हवे.

कोणी म्हणेल, एवढे कळून काय पोळ्या गोल होणार आहेत? नाही होणार. पण २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे त्याच 'करोडपती'च्या खुर्चीवर बसल्या आणि एक कोट रुपये जिंकल्या. महिना दीड हजार रुपये मानधनाचे त्यांचे काम होते. कोटी सगळ्यांना मिळणार नाहीत. मात्र खिचडी ढवळणाऱ्या हाताला डोके नसते, असे त्या दिवसानंतर कोणी म्हणू नये.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. दर महिन्याच्या सभेला प्रत्येकीने घरातल्या एका वस्तूविषयी एक 'कसे' किंवा 'का' घेऊन यावे. विरजण का लागते, साबणाने तेलकट का निघते, मिठाने लोणचे का टिकते. उत्तर माहीत असायलाच पाहिजे असे नाही. जिच्याकडे असेल तिने सांगावे, नसेल तर वाचनालयात मिळून शोधावे. सातवी, चौथी, बिनशाळेची, सगळ्यांना एकच रांग. आणि येताना लेकीसुनांनाही बरोबर आणावे.

आता स्पर्धा सुरू होईल. आज प्रश्न चालू असताना कोणी चहा टाकायला उठू नये, एवढी विनंती करते. चहा नंतर सगळ्या मिळून करू.