पाळी चुकते म्हणून पोरीला बोल लावू नका



आज कापसाच्या भावाचं नाही, लेकीबाळींचं बोलायचं आहे. कपाशीवर लाल्या दिसला की तुडतुडे आहेत की मॅग्नेशियम कमी पडलं, हे आपण आधी पाहतो. पोरीची पाळी दोन-दोन महिने लांबते, तोंडावर पुटकुळ्या, हनुवटीवर केस येतात. तेव्हा मात्र बाहेरची बाधा म्हणतो, नाहीतर घाईनं लग्न उरकतो.

हा आजार बहुधा पीसीओएस असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या शंभरात १० ते १३ बायांना तो असतो. बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. रक्तात इन्सुलिन वाढतं, त्यानं पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि बीज वेळेवर सुटत नाही.

उपाय चुलीपासून सुरू होतो. ज्वारीची भाकर, डाळ, पालेभाजी ठेवा. साखरेचा चहा, बिस्किटं कमी करा. शाळा-कॉलेजात बसून राहणाऱ्या पोरीनं रोज अर्धा तास भरभर चालावं. वजन जास्त असेल तर ऐंशीतले चार-पाच किलो उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. पण बारीक पोरींनाही हा आजार होतो. त्यांना उपाशी ठेवू नका.

तो मुळातून जात नाही, ताब्यात राहतो. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे न्या; साखर, थायरॉईड तपासून घ्या. उपचारानं बहुतेकींना मूल होतं. होत नसेल तर नवऱ्याचीही तपासणी करा. तपासणीआधी सुनेला वांझ म्हणून माहेरी धाडणं हा अन्याय आहे. तो आपल्या घरात होऊ देऊ नका.